किती काळ टिकणारे? इंग्रजीतील कालवाचक विशेषणे निवडण्याची रीत

काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीतील एक ज्येष्ठ गृहस्थ वारले. परदेशातील नातेवाइकांना कळवण्यासाठी त्यांच्या मुलाने इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि पाठवण्यापूर्वी मला वाचायला दिल्या. मूळ मराठी मजकुरात 'अल्पशा आजाराने' असे शब्द होते. त्याचे इंग्रजी त्याने आधी 'आफ्टर अ स्मॉल इलनेस' असे केले होते आणि मग 'स्मॉल' खोडून त्याच्या डोक्यावर 'मायनर' लिहिले होते. 'मायनर इलनेस' म्हणजे किरकोळ दुखणे, आणि किरकोळ दुखण्याने वडील गेले असे कोणता मुलगा लिहील? 'अल्पशा' हा शब्द येथे आजाराची तीव्रता सांगत नाही, आजार किती दिवस चालला ते सांगतो. इंग्रजीत त्यासाठी 'आफ्टर अ ब्रीफ इलनेस' असा रुळलेला प्रयोग आहे, आणि 'प्रदीर्घ आजाराने' असे म्हणायचे असेल तर 'आफ्टर अ प्रोलाँग्ड इलनेस' असे लिहितात.

मराठी माध्यमातून शिकून नोकरीत, न्यायालयात, रुग्णालयात किंवा विद्यापीठात इंग्रजी लिहिण्याची वेळ आलेल्यांसाठी हा लेख आहे. कालावधी सांगणारी इंग्रजी विशेषणे पन्नासच्या वर भरतील. ती पाठ करून उपयोग होत नाही, कारण शब्दकोशात त्यांच्यापुढे मराठी अर्थ तेच ते दिलेले असतात: क्षणिक, तात्पुरता, दीर्घ, कायमचा. माझ्या अनुभवाने सांगतो, घड्याळ किंवा दिनदर्शिका पाहून यांतले विशेषण निवडता येत नाही. त्या काळाचा शेवट ठरला आहे का, मध्ये खंड पडतो का, आणि बोलणाऱ्याला तो काळ सरावा असे वाटते की टिकावा असे वाटते, हे प्रश्न क्रमाने विचारले की शब्द बहुतेक वेळा आपोआप सापडतो. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: मराठी शब्द येथे काळच सांगतो आहे ना, ते तपासा

मराठीत 'लहान', 'छोटा', 'अल्प', 'थोडा' हे शब्द आकार, प्रमाण आणि काळ या तिन्हींसाठी चालतात. इंग्रजीत 'स्मॉल' आकारासाठी, 'मायनर' महत्त्वासाठी आणि 'ब्रीफ' व 'शॉर्ट' काळासाठी अशी वाटणी आहे. 'छोटीशी बैठक' म्हणजे कमी वेळ चाललेली की कमी माणसांची, हे आधी स्वतःशी ठरवावे लागते. पहिला अर्थ असेल तर 'ब्रीफ मीटिंग' आणि दुसरा असेल तर 'स्मॉल मीटिंग'.

'शॉर्ट' आणि 'ब्रीफ' यांच्यातही फरक आहे. 'शॉर्ट' हा शब्द रस्त्याला, दोरीला, माणसाच्या उंचीला आणि काळाला, सगळ्यांना लागतो. 'ब्रीफ' फक्त काळाला आणि बोलण्या-लिहिण्याला लागतो, आणि तो थोडा अधिक औपचारिक आहे. काही जोड्या मात्र पक्क्या ठरलेल्या आहेत. ऐन वेळी कळवले असे म्हणायचे असेल तर 'शॉर्ट नोटीस' हाच शब्द. 'ब्रीफ नोटीस' म्हटले तर वाचणाऱ्याला दोन ओळींची सूचना डोळ्यांसमोर येईल. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीकडून शेतकरी जे अल्पमुदतीचे पीक कर्ज घेतो, ते 'शॉर्ट-टर्म लोन' असते. जिथे मराठीत 'मुदत' हा शब्द आहे तिथे इंग्रजीत बहुधा 'टर्म' येतो, एवढे लक्षात ठेवले तरी बँकेच्या कागदांतील निम्म्या चुका टळतात.

याच पायरीवर 'ओझरता' हा आपला सुंदर शब्द पाहण्यासारखा आहे. 'ओझरते दर्शन' झाले म्हणजे 'फ्लीटिंग ग्लिम्प्स', 'ओझरता उल्लेख' केला म्हणजे 'पासिंग मेन्शन', आणि 'ओझरती भेट' दिली म्हणजे 'ब्रीफ व्हिजिट' किंवा 'फ्लाइंग व्हिजिट'. मराठीत एक शब्द आणि इंग्रजीत चार, कारण इंग्रजी विशेषण नामाशी बांधलेले असते. त्यामुळे वहीत एकटे विशेषण कधीही उतरवू नये, त्याच्याबरोबर त्याचे नाम उतरवावे. 'फ्लीटिंग' एवढेच लिहिलेला विद्यार्थी पुढे 'फ्लीटिंग मीटिंग' लिहितो; 'फ्लीटिंग ग्लिम्प्स' लिहिलेला तसे करत नाही.

दुसरी पायरी: शेवट ठरलेला आहे का, आणि तो कोण ठरवणार?

सर्वांत जास्त वेळ या पायरीवर द्यावा, कारण कार्यालयीन आणि कायद्याच्या लेखनातील बहुतेक गोंधळ येथे होतो. त्याचे मूळ आपल्या दोन अतिशय कामसू शब्दांत आहे: 'तात्पुरता' आणि 'हंगामी'.

प्रवेशप्रक्रियेत 'तात्पुरती गुणवत्ता यादी' लागते आणि काही दिवसांनी 'अंतिम गुणवत्ता यादी' लागते. त्या पहिल्या यादीला इंग्रजीत 'टेम्पररी' म्हणत नाहीत, 'प्रोव्हिजनल' म्हणतात. 'टेम्पररी' वस्तू काही काळ राहते आणि नंतर काढून टाकली जाते, जसा पूल दुरुस्त होईपर्यंत बांधलेला कच्चा वळणरस्ता. 'प्रोव्हिजनल' गोष्ट हरकती ऐकून, तपासून, दुरुस्त होऊन पक्की होणार असते. पदवी हातात येईपर्यंत विद्यापीठ जे प्रमाणपत्र देते ते 'प्रोव्हिजनल सर्टिफिकेट'. म्हणून आपल्या मराठी वाक्यातील 'तात्पुरता' शब्दापुढे एक प्रश्न विचारावा: ही गोष्ट नंतर हटणार आहे की पक्की होणार आहे? हटणार असेल तर 'टेम्पररी', पक्की होणार असेल तर 'प्रोव्हिजनल'.

तिसरा शब्द 'इंटरिम'. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'दरम्यानच्या काळात' असाच आहे. एक व्यवस्था संपली, दुसरी अजून आली नाही, आणि मधली पोकळी कोणीतरी भरली पाहिजे, अशा वेळी हा शब्द येतो. 2 सप्टेंबर 1946 रोजी दिल्लीत सत्तेवर आलेले सरकार 'इंटरिम गव्हर्नमेंट' होते. लोकसभेच्या निवडणुकीआधी 1 फेब्रुवारी 2024 रोजी मांडला गेला तो 'इंटरिम बजेट', आणि नव्या सरकारचा पूर्ण अर्थसंकल्प 23 जुलै 2024 रोजी आला. अंतरिम जामीन, अंतरिम स्थगिती, अंतरिम आदेश या सर्व ठिकाणी इंग्रजीत 'इंटरिम' आहे. मराठीत 'अंतरिम' असेल तर अडचणच नाही, शब्दाला शब्द जुळतो.

अडचण 'हंगामी' या शब्दाने येते. साखर कारखान्यातला हंगामी कामगार गळीत हंगामापुरता असतो. हंगाम संपला की त्याचे काम थांबते आणि पुढच्या वर्षी बहुधा पुन्हा सुरू होते. त्याला 'सीझनल वर्कर' म्हणावे. सभागृहाचा हंगामी अध्यक्ष मात्र नवा अध्यक्ष निवडला जाईपर्यंतच काम पाहतो आणि त्याच्यासाठी 'प्रोटेम स्पीकर' हा ठरलेला शब्द आहे. हंगामी सरकार म्हणजे 'इंटरिम गव्हर्नमेंट'. राजीनामा दिल्यानंतर पर्यायी व्यवस्था होईपर्यंत पदावर राहिलेला मुख्यमंत्री काळजीवाहू असतो, त्याला 'केअरटेकर चीफ मिनिस्टर' म्हणतात. या सगळ्यांसाठी डोळे मिटून 'टेम्पररी' लिहिणारे अनुवाद मी अनेकदा तपासले आहेत आणि प्रत्येक वेळी अर्थ थोडा थोडा सांडलेला पाहिला आहे.

आता 'परमनंट'. हा शब्द कायमस्वरूपीपणाचा हेतू सांगतो, काळाची हमी देत नाही. लॉर्ड कॉर्नवॉलिसने 1793 मध्ये बंगालमध्ये लागू केलेली महसूलपद्धत इंग्रजीत 'परमनंट सेटलमेंट' आणि मराठीत 'कायमधारा' म्हणून ओळखली जाते. स्वातंत्र्यानंतर जमीनदारी निर्मूलनाच्या कायद्यांनी ती संपवली. उलट भारतीय राज्यघटनेच्या एकविसाव्या भागाच्या शीर्षकात 'टेम्पररी, ट्रान्झिशनल अँड स्पेशल प्रोव्हिजन्स' असे शब्द आहेत. त्याच भागातील अनुच्छेद 370 'टेम्पररी' या शब्दासह 1950 पासून 2019 पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांच्या जवळपास लागू राहिले. सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2023 रोजी निकाल देताना ते मुळात तात्पुरतेच होते असे मानले. कायद्याच्या इंग्रजीत 'टेम्पररी' म्हणजे थोड्या दिवसांचे असा अर्थ का काढू नये, हे या एका उदाहरणावरून दिसते. त्याच शीर्षकातील 'ट्रान्झिशनल' हा शब्दही पाहून ठेवावा: एका व्यवस्थेतून दुसरीकडे जातानाची सोय, म्हणजे संक्रमणकालीन.

राज्यसभेला 'परमनंट हाउस' म्हणतात, पण तिचा सदस्य सहाच वर्षांसाठी निवडून येतो आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. सभागृह विसर्जित होत नाही, एवढाच तेथे 'परमनंट' या शब्दाचा अर्थ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पाच 'परमनंट' सदस्य आणि दोन वर्षांसाठी निवडले जाणारे दहा 'नॉन-परमनंट' सदस्य असतात. तेथेही पाच सदस्यांची खुर्ची ठरावीक मुदतीने संपत नाही, हा मुद्दा आहे.

दिवाणी न्यायालयाशी संबंध येणाऱ्यांनी एक जोडी वेगळी लक्षात ठेवावी. 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 37 मध्ये मनाई हुकमाचे दोन प्रकार दिले आहेत: 'टेम्पररी' आणि 'परपेच्युअल'. पहिला ठरावीक मुदतीपर्यंत किंवा न्यायालयाच्या पुढील आदेशापर्यंत चालतो. दुसरा दाव्याच्या गुणदोषांवर सुनावणी होऊन हुकूमनाम्यानेच मिळतो. आपण त्याला कायमचा मनाई हुकूम म्हणतो आणि वकील बोलताना 'परमनंट इंजंक्शन' असेही म्हणतात, पण कायद्याचा शब्द 'परपेच्युअल' आहे. मसुदा लिहिताना कायद्याचाच शब्द वापरावा.

या पायरीवरचा शेवटचा शब्द 'बेमुदत'. बेमुदत संप, बेमुदत उपोषण यांसाठी 'इनडेफिनेट स्ट्राइक', 'इनडेफिनेट फास्ट' असे लिहितात. शेवटाची तारीख ठरलेली नाही, एवढेच हा शब्द सांगतो. शेवट होणारच नाही असे तो सांगत नाही. तो अर्थ 'एंडलेस' किंवा 'इन्फिनेट' या शब्दांचा आहे. उपोषणाला 'एंडलेस' म्हणणे भाषेच्या दृष्टीने चूक तर आहेच, शिवाय उपोषणाला बसलेल्या माणसाच्या बाबतीत ते अशुभही वाटते.

तिसरी पायरी: मध्ये खंड पडतो का?

येथे आपला अडसर 'सतत' हा शब्द आहे. 'आमच्याकडे वीज सतत जाते' या वाक्यात वीज पुन्हा पुन्हा जाते आणि येते. 'काल सतत आठ तास वीज नव्हती' या वाक्यात मध्ये एकदाही आली नाही. इंग्रजीत पहिल्यासाठी 'कंटिन्युअल' किंवा 'फ्रीक्वेंट', दुसऱ्यासाठी 'कंटिन्युअस'. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेही बोलताना हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, पण लेखी आणि विशेषतः तांत्रिक इंग्रजीत फरक पाळला जातो. तक्रारअर्जात तर तो पाळायलाच हवा, कारण पुन्हा पुन्हा वीज जाण्याची दुरुस्ती वेगळी आणि आठ तास गेलेल्या विजेची दुरुस्ती वेगळी.

'सलग' हा शब्द त्याहून फसवा आहे. 'सलग तीन दिवस गैरहजर' याचे भाषांतर 'थ्री कंटिन्युअस डेज' असे सर्रास केले जाते. दिवस, सामने, विजय, सुट्ट्या अशा मोजता येणाऱ्या गोष्टी एकामागून एक आल्या तर इंग्रजीत 'कॉन्सेक्युटिव्ह' म्हणतात: 'थ्री कॉन्सेक्युटिव्ह डेज'. 'कंटिन्युअस' एकाच अखंड प्रवाहासाठी राखून ठेवावा. सलग आठ तास पंप चालला तर 'द पंप रॅन कंटिन्युअसली फॉर एट अवर्स'. सलग आठ रात्री पंप चालवावा लागला तर 'ऑन एट कॉन्सेक्युटिव्ह नाइट्स'.

पावसाचे उदाहरण घेतले की हे सगळे शब्द एका ओळीत बसतात, आणि आपल्या भाषेत पावसासाठी शब्दांची ददात नाही. एक सर येऊन गेली म्हणजे 'ब्रीफ शॉवर'. अधूनमधून पडणारा पाऊस 'इंटरमिटंट'. सरीवर सरी येत राहिल्या, मध्ये मध्ये ऊन पडले, तर 'कंटिन्युअल शॉवर्स'. संततधार म्हणजे 'इनसेसंट रेन'. थांबणे या अर्थाच्या लॅटिन धातूला नकार जोडून हा शब्द झाला आहे, त्यामुळे 'न थांबणारा' हे त्याचे अगदी नेमके भाषांतर होते. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवसाच्या वर्णनात 'इनसेसंट' हा शब्द शोभतो. श्रावणातल्या दुपारसाठी तो वापरू नये. 'इनसेसंट' शब्दात नकोसेपणाही आहे, म्हणून तो आवाज, कुरबूर, फोनची घंटी यांनाही लागतो, पण आईच्या मायेला लागत नाही. तिथे 'कॉन्स्टंट' किंवा 'अनफेलिंग' हवा.

भूगोल किंवा पाटबंधारे विषयात शिकणाऱ्यांना नद्यांची विभागणी उपयोगी पडेल. बाराही महिने वाहणारी बारमाही नदी 'पेरेनियल', वर्षातला काही काळ वाहणारी 'इंटरमिटंट' किंवा 'सीझनल', आणि पाऊस पडला की तेवढ्यापुरता खळाळून पुन्हा कोरडा पडणारा ओढा 'इफेमरल'. 'पेरेनियल' हा शब्द लॅटिनमधील 'वर्ष' या शब्दावरून आला आहे: वर्षांमागून वर्षे चालणारे. वनस्पतिशास्त्रात दोन वर्षांहून अधिक जगणारी झाडे 'पेरेनियल', एका वर्षात जीवनक्रम संपवणारी 'ॲन्युअल' आणि दोन वर्षे घेणारी 'बायएनियल'. याच शब्दाचा लाक्षणिक उपयोग दरवर्षी डोके वर काढणाऱ्या प्रश्नासाठी होतो. ज्या गावात दर उन्हाळ्यात टँकर येतो, तेथील पाणीटंचाईला 'पेरेनियल वॉटर शॉर्टेज' म्हणता येते. मात्र नदी 'पेरेनियल' असणे चांगले आणि टंचाई 'पेरेनियल' असणे वाईट. म्हणजे या शब्दाला स्वतःची आवडनिवड नाही. सगळेच शब्द इतके तटस्थ नसतात, आणि त्यासाठी पुढची पायरी आहे.

चौथी पायरी: तो काळ हवासा आहे की नकोसा?

मुंबईतील गिरणी कामगारांचा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि तो वर्षाहून अधिक काळ चालला. या संपाला कोणते विशेषण लावावे? 'लाँग स्ट्राइक' म्हटले तर केवळ लांबी सांगितली. 'प्रोलाँग्ड स्ट्राइक' म्हटले तर तो अपेक्षेपेक्षा लांबला हे सांगितले. 'प्रोट्रॅक्टेड' म्हटले तर निकालाविना रेंगाळत राहिला हे सांगितले; या शब्दाच्या मुळाशी ओढत नेणे हा अर्थ आहे आणि 'रेंगाळलेला' हाच त्याला आपला सर्वांत जवळचा शब्द. पहिला शब्द मोजणाऱ्याचा आहे, दुसरा वाट पाहणाऱ्याचा, आणि तिसरा ज्याच्या घरची चूल त्या संपाबरोबर विझत गेली त्याचा. तिन्ही शब्द बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी शोभतात, हे लिहिणाऱ्याने ओळखले पाहिजे.

खटल्यासाठी 'प्रोट्रॅक्टेड लिटिगेशन' हा प्रयोग नेहमीचा आहे. भाषण, पत्र, अहवाल, चौकशी यांसाठी 'लेंग्दी' वापरतात आणि त्यात कंटाळ्याची छटा असते. वरिष्ठांच्या भाषणाचे आभार मानताना तो शब्द टाळावा. फार वर्षांपासून चालत आलेल्या मागणीला, वादाला किंवा मैत्रीला 'लाँग-स्टँडिंग' म्हणतात. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद 'लाँग-स्टँडिंग डिस्प्यूट' आहे आणि त्याबद्दल महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा 'प्रोट्रॅक्टेड' म्हणता येईल. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा ही 'लाँग-स्टँडिंग डिमांड' होती आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी ती मान्य केली.

हवेसे वाटणारे दीर्घत्व सांगणारे शब्द वेगळे. वस्तू टिकाऊ असेल तर 'ड्युरेबल': कापड, चप्पल, रंग, रस्ता. परिणाम, शांतता, ठसा टिकून राहिला तर 'लास्टिंग': 'लास्टिंग पीस', 'लास्टिंग इंप्रेशन'. काळाचे तडाखे सोसूनही टिकलेल्या गोष्टीला 'एन्ड्युअरिंग' म्हणतात, कारण त्या शब्दात सोसणेही आहे. वारकऱ्यांच्या परंपरेबद्दल इंग्रजीत लिहायचे असेल तर मी हाच शब्द निवडेन. चप्पल 'एन्ड्युअरिंग' म्हणणे आणि परंपरा 'ड्युरेबल' म्हणणे, दोन्ही कानाला खटकतात.

येथे 'शाश्वत' या शब्दाची एक मोठी फसगत सांगितली पाहिजे. शाश्वत सत्य म्हणजे 'इटर्नल ट्रुथ'. पण 'शाश्वत विकास' आणि 'शाश्वत शेती' हे मराठी शब्द मुळात 'सस्टेनेबल' या इंग्रजी शब्दासाठी घडवलेले आहेत. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेली 17 उद्दिष्टे 'सस्टेनेबल डेव्हलपमेंट गोल्स' आहेत, आणि आपण त्यांना शाश्वत विकास उद्दिष्टे म्हणतो. मराठी अहवालाचे इंग्रजी करताना 'इटर्नल ॲग्रिकल्चर' असे लिहिलेले मी स्वतः दुरुस्त केले आहे. 'सस्टेनेबल' म्हणजे कायम टिकलेले नव्हे, तर जमीन, पाणी आणि पैसा न खचवता पुढे चालू ठेवता येण्यासारखे.

थोडा काळ टिकणाऱ्या गोष्टींकडे वळू. 'क्षणभंगुर' या शब्दासाठी 'ट्रान्झिएंट' आणि 'इफेमरल' हे दोन शब्द हाताशी ठेवावेत. 'ट्रान्झिएंट' म्हणजे येऊन पुढे निघून जाणारे. त्यात हळहळ असतेच असे नाही, म्हणून विज्ञानात आणि वैद्यकात तो चालतो. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ खंडित होऊन रुग्ण पूर्ववत होतो, त्या झटक्याच्या इंग्रजी नावात 'ट्रान्झिएंट' हाच शब्द आहे आणि जुन्या व्याख्येप्रमाणे त्याची लक्षणे चोवीस तासांच्या आत नाहीशी होतात. 'इफेमरल' हा शब्द ग्रीक भाषेतील 'एका दिवसापुरते' या अर्थाच्या शब्दावरून आला. पाण्याजवळ आढळणाऱ्या मेफ्लाय नावाच्या कीटकांच्या गणाचे शास्त्रीय नावही त्याच शब्दावरून पडले आहे. त्यांची पूर्ण वाढ झालेली अवस्था काही तासांची किंवा दिवसाभराची असते, पाण्यातली अळीची अवस्था मात्र महिनोन्महिने चालते. घरच्या कुंडीतले ब्रह्मकमळ रात्री उमलते आणि उजाडेपर्यंत मान टाकते. शेजारपाजारच्यांना बोलावून आपण ते फूल ज्या हळुवारपणे पाहतो, तो हळुवारपणा 'इफेमरल' या शब्दात आहे. संस्था, युती, उत्साह लवकर संपला तर या दोन्हींपेक्षा 'शॉर्ट-लिव्ह्ड' हा साधा शब्द बरा. त्याचा उच्चार 'लाइव्ह्ड' असाही ऐकू येतो. फळे, दूध, मासे नाशवंत असतात, त्यांना 'पेरिशेबल' म्हणतात.

पाचवी पायरी: क्षेत्राने अर्थ बांधून दिला आहे का?

वैद्यकातील दोन शब्द प्रत्येक घराला माहीत असायला हवेत, कारण त्यांच्या चुकीच्या अर्थाने माणसे घाबरतात किंवा गाफील राहतात. 'क्रॉनिक' म्हणजे गंभीर नव्हे, दीर्घकाळ चाललेला, जुनाट. ग्रीक भाषेतील 'काळ' हा शब्दच त्यात आहे. 'ॲक्यूट' म्हणजे अचानक सुरू झालेला आणि बहुधा थोड्या काळाचा. त्याच्या मुळाशी टोकदारपणा आहे. प्रौढांच्या खोकल्याबाबत डॉक्टर तीन आठवड्यांपर्यंत 'ॲक्यूट', तीन ते आठ आठवडे 'सबॲक्यूट' आणि आठ आठवड्यांच्या पुढे 'क्रॉनिक' असे म्हणतात. मूत्रपिंडाच्या विकाराला 'क्रॉनिक' म्हणण्यासाठी बिघाड तीन महिन्यांहून अधिक काळ असावा लागतो. माझ्या एका नातेवाईक बाईंच्या कागदावर 'क्रॉनिक' शब्द वाचून घरात रात्रभर रडारड झाली होती. सकाळी डॉक्टरांनी सांगितले की वर्षानुवर्षांच्या त्यांच्या सर्दीबद्दलच तो शब्द होता. उलट 'ॲक्यूट' शब्दाने अपेंडिक्सचे दुखणे लिहिलेले असेल तर एक तासही दवडू नये.

सहावी पायरी: शब्दाचे रूप तपासा

संख्या आणि कालावधी मिळून विशेषण झाले की इंग्रजीत अनेकवचनाचा प्रत्यय गळतो. तीन दिवसीय कार्यशाळा म्हणजे 'थ्री-डे वर्कशॉप', 'थ्री डेज वर्कशॉप' नव्हे. 1951 मध्ये सुरू झालेली पंचवार्षिक योजना 'फाइव्ह-इयर प्लॅन' आहे. हे अवघड वाटत असेल तर आपल्याच शब्दांकडे पाहावे: 'तीन दिवसीय', 'एकदिवसीय', 'पंचवार्षिक' यांतही अनेकवचनाची खूण नाही. लिहिताना दोन शब्दांमध्ये जोडरेघ द्यावी. महिनाभराचा उत्सव असेल तर 'मंथ-लाँग', आठवडाभराचा असेल तर 'वीक-लाँग', जन्मभराची मैत्री असेल तर 'लाइफलाँग'. रजेच्या अर्जात 'टू वीक्स लीव्ह' असे लिहायचे झाल्यास 'वीक्स' शब्दातील शेवटच्या अक्षरानंतर षष्ठीची खूण म्हणून वरचा स्वल्पविराम द्यावा लागतो.

'परमनंट', 'इटर्नल', 'लाइफलाँग' यांच्यापुढे 'व्हेरी' लावू नये. 'ब्रीफ', 'लेंग्दी', 'शॉर्ट-लिव्ह्ड' यांच्यापुढे लावता येते. 'इंटरिम' आणि 'लाइफलाँग' बहुधा नामाच्या आधीच येतात.

सारख्या दिसणाऱ्या काही जोड्या वेगळ्या पानावर लिहून ठेवाव्यात. 'मोमेंटरी' म्हणजे क्षणभराचे, 'मोमेंटस' म्हणजे अत्यंत महत्त्वाचे. 'टेम्पररी' म्हणजे तात्पुरते, 'टेम्पोरल' म्हणजे काळाशी संबंधित किंवा ऐहिक. 'बायएनियल' म्हणजे दोन वर्षांतून एकदा, 'बायॲन्युअल' म्हणजे वर्षातून दोनदा. 2012 मध्ये कोचीत सुरू झालेल्या कलाप्रदर्शनाच्या नावातील 'बिएनाले' शब्द पहिल्या अर्थाचा आहे. या लेखात शब्द देवनागरीत दिले आहेत, तेव्हा वहीत उतरवताना प्रत्येकाचे इंग्रजी स्पेलिंग शब्दकोशातून पाहून घ्यावे.

सातवी पायरी: रोज पाच वाक्ये

मराठी वर्तमानपत्रातून कालावधी सांगणारी पाच वाक्ये घ्यावीत आणि वरील प्रश्न क्रमाने विचारून त्यांचे विशेषण ठरवावे. नमुन्यादाखल काही देतो. 'पुलाची तात्पुरती डागडुजी': डागडुजी पक्की होणार नाही, तिच्या जागी दुसरे काम येणार, म्हणून 'टेम्पररी रिपेअर्स'. 'तात्पुरती मतदार यादी': हरकतींनंतर पक्की होणार, म्हणून 'टेम्पररी' नव्हे, निवडणूक कार्यालय मात्र येथे 'ड्राफ्ट' हा आपला ठरलेला शब्द वापरते, आणि अशा वेळी कार्यालयाचा शब्द मानावा. 'सलग चौथा विजय': 'फोर्थ कॉन्सेक्युटिव्ह विन'. 'अल्पजीवी ठरलेली युती': 'शॉर्ट-लिव्ह्ड अलायन्स'. आणि 'सभागृहाचे कामकाज बेमुदत तहकूब': येथे 'इनडेफिनेट' सुचेल, परंतु संसदीय इंग्रजीने त्यासाठी 'साइनी डाय' हा लॅटिन प्रयोग जसाच्या तसा ठेवला आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'दिवसाविना', म्हणजे पुन्हा कधी बसायचे तो दिवस न ठरवता.